स्टार्च : अन्नात, वस्त्रात आणि पोथीत

वाराणसी नगरीत सकाळच्या प्रहरी हलवायाच्या कढईत जिलबी तळली जात असते. भडभुंज्याच्या भट्टीत तापलेल्या वाळूवर चुरमुरे फुलत असतात. परटाच्या घरी सुती कपड्यांना खळ दिली जात असते, आणि पुस्तकबांधणीच्या एखाद्या दुकानात पुठ्ठ्यावर शिजविलेल्या पिठाची खळ पसरून कागद डकविला जात असतो. ह्या चार कामांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे पाहणाऱ्याला सहसा वाटत नाही. तरीही चारही ठिकाणी काम करणारा पदार्थ एकच आहे. त्याला आपण स्टार्च म्हणतो. शालेय पुस्तकांत त्याची गणना पिष्टमय पदार्थांत केलेली असते.

जगातील बहुसंख्य माणसांच्या आहारातील ऊर्जेचा मोठा वाटा ह्या पदार्थातून येतो. त्याचबरोबर कापड, कागद, औषधे, खोकी, गोंद अशा कितीतरी वस्तूंच्या निर्मितीत त्याचा उपयोग होतो. एकाच पदार्थाच्या अंगी इतके गुण कोठून आले, आणि प्रत्येक उपयोगाबरोबर कोणती अडचण येते, हे ह्या प्रकरणात पाहावयाचे आहे. उदाहरणे शक्यतो वाराणसी आणि तिच्या आसपासच्या प्रदेशातील घेतली आहेत. भात पिकविणारा, भात खाणारा, कापड विणणारा आणि पोथ्या जपणारा असा हा प्रदेश असल्यामुळे स्टार्चची बहुतेक रूपे तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

वनस्पतीची शिल्लक

हिरवी पाने सूर्यप्रकाशात साखर तयार करतात. दिवसा तयार झालेली सगळी साखर वनस्पती लगेच खर्च करीत नाही. काही भाग तिला रात्रीसाठी, काही पुढच्या ऋतूसाठी, तर काही बीजातील अंकुरासाठी राखून ठेवावयाचा असतो. परंतु साखर ही साठवणीस सोयीची नव्हे. ती पाण्यात विरघळते आणि पेशीमध्ये पाणी ओढून घेते. साखरेचे मोठे साठे केले, तर पेशी फुगून फुटतील. ह्यावर वनस्पतीने काढलेला उपाय असा, की ग्लुकोज साखरेचे हजारो रेणू एकमेकांना जोडून त्यांच्या लांब साखळ्या करावयाच्या आणि त्या साखळ्या घट्ट रचून थंड पाण्यात न विरघळणारा कण बनवावयाचा. हा कण म्हणजेच स्टार्च.

कणातील साखळ्या दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या साखळीला फांद्या जवळजवळ नसतात. ती सरळ असून स्प्रिंगेसारखी वळलेली असते. तिला अ‍ॅमायलोज म्हणतात. दुसरीला झाडासारख्या पुष्कळ फांद्या असतात. तिला अ‍ॅमायलोपेक्टिन म्हणतात. सामान्य धान्यात व कंदात अ‍ॅमायलोजचे प्रमाण २० ते ३० टक्के आणि अ‍ॅमायलोपेक्टिनचे ७० ते ८० टक्के असते. मात्र हे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. पूर्व आशियातील अतिचिकट तांदळात अ‍ॅमायलोज जवळजवळ नसतेच, तर काही जातींच्या तांदळात ते २५ टक्क्यांहून अधिक असते. पहिल्याचा भात गोळा होऊन बसतो. दुसऱ्याची शिते सुटी राहतात. दोन साखळ्यांच्या ह्या प्रमाणावर पुढे पुष्कळ काही अवलंबून आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक वनस्पतीचा स्टार्च वेगळा दिसतो. तांदळाचे कण फार लहान व कोनेदार असून त्यांची रुंदी साधारणतः मिलिमीटरच्या तीन ते आठ सहस्रांशाइतकी असते. बटाट्याचे कण अंडाकृती असून ते ह्याच्या दसपटीहून मोठे असू शकतात. गव्हात मोठे चपटे आणि लहान गोल असे दोन्ही प्रकारचे कण एकत्र आढळतात. महागड्या पिठात स्वस्त पीठ मिसळले असल्यास ते ह्या आकारांवरून ओळखता येते.

स्टार्च ओळखण्याची सर्वांत सोपी परीक्षा घरीही करता येते. भाताची पेज थंड करून तिच्यात टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. ताबडतोब गडद निळा रंग दिसू लागेल. अ‍ॅमायलोजच्या वळलेल्या साखळीच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसते, म्हणून हा रंग येतो. पेज कढत असेल तर रंग उमटत नाही, कारण उष्णतेने ही जोडणी सुटते. निवल्यावर तो दिसतो. ज्याची परीक्षा केली ते अन्न अर्थातच फेकून द्यावे.

पाण्याच्या साहाय्याने वेगळे करणे

धान्यात स्टार्चबरोबर प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि कोंडा हेही असतात. तांदळाच्या दाण्यात स्टार्च तीन-चतुर्थांशाहून अधिक, तर मक्याच्या दाण्यात सुमारे दोन-तृतीयांश असतो. तो वेगळा काढावयाचा, तर त्याच्या दोन गुणांचा उपयोग करावा लागतो : थंड पाण्यात तो विरघळत नाही, आणि पाण्याहून सुमारे दीडपट जड असल्यामुळे तळाशी बसतो.

महाराष्ट्रातील गृहिणींना ही गोष्ट कोणी शिकविण्याची गरज नाही. उन्हाळ्यात कुरडया करताना गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग ते वाटून पिळून काढतात. गाळलेले पांढरे पाणी रात्रभर तसेच ठेवले, की सकाळी वरचे निवळ पाणी ओतून देता येते आणि तळाशी घट्ट पांढरा थर मिळतो. तो शिजविला म्हणजे चीक तयार होतो. हा थर मुख्यतः गव्हाचा स्टार्च होय.

ही रीत फार जुनी आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी ह्याने ती वर्णिली असून तिच्या शोधाचे श्रेय ग्रीसमधील कीऑस बेटाच्या रहिवाशांना दिले आहे. ग्रीक भाषेत स्टार्चला 'अमिलॉन' म्हणत; त्याचा अर्थ 'जात्यावर न दळलेले'. अ‍ॅमायलोज हे नाव त्यावरूनच पडले. धान्य कोरडे न दळता भिजवून, कुस्करून, पाण्यात बसवावयाचे, हाच ह्या नावातील अभिप्राय आहे.

आजचे मोठे कारखाने हेच काम यंत्रांनी करतात. अमेरिकेत टॉमस किंग्जफर्ड ह्याने १८४२ साली मक्यापासून स्टार्च काढण्याची पद्धत बसविली. त्यानंतर मका हे ह्या उद्योगाचे प्रमुख धान्य झाले. मका सुमारे ५० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात एक-दोन दिवस भिजवितात. त्या पाण्यात थोडा सल्फर डायॉक्साइड वायू सोडलेला असतो. त्यामुळे दाणा सैल होतो आणि तो आंबून बिघडत नाही. नंतर अंकुर, कोंडा व प्रथिने क्रमाने वेगळी करतात, आणि फिरत्या यंत्राच्या वेगाने स्टार्च तळाशी बसवितात. कुरडईच्या पातेल्यात रात्रभर जे घडते, ते येथे काही क्षणांत घडते.

तमिळनाडूतील सेलम येथे हा उद्योग कंदावर चालतो. टॅपिओकाचे कंद किसून, धुऊन, त्यांतील स्टार्च बसवितात. ओलसर स्टार्च हलवून त्याच्या गोळ्या करतात आणि त्या तापलेल्या तव्यावर भाजून वाळवितात. हाच आपला साबुदाणा. काशीतील दुर्गाघाट, ब्रह्माघाट ह्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांची एकादशी आणि पुण्याची एकादशी ह्या दोन्ही त्याच्यावर निभावतात. त्याच्या जोडीला गंगेच्या मैदानातील तळ्यांत होणारा शिंगाडा असतो. ह्याची फळे पावसाळा सरल्यावर काढतात. आतील गर वाळवून त्याचे पीठ करतात. उपवासाला धान्य वर्ज्य मानले, तरी स्टार्च वर्ज्य होत नाही. तो कंदातून किंवा जलफळातून येतो, एवढाच फरक.

कणाचे उघडणे आणि आवळणे

कच्चा स्टार्च माणसाला नीट पचत नाही, आणि तो कपड्याला किंवा कागदाला चिकटतही नाही. त्याचे सर्व उपयोग उष्णतेने आणि पाण्याने तो कण उघडल्यानंतर सुरू होतात.

पाण्यात मिसळलेला स्टार्च तापवीत गेले, की साधारणतः ५५ ते ७५ अंशांच्या दरम्यान, वनस्पतीच्या जातीनुसार, त्याचे कण पाणी शोषून एकाएकी फुगू लागतात. त्यांची घट्ट रचना मोडते, अ‍ॅमायलोजच्या साखळ्या बाहेर येतात, आणि दुधासारखे दिसणारे पातळ मिश्रण दाट व अर्धपारदर्शक होते. पिठले दाटते, खीर आळते किंवा खळ तयार होते, ती ह्याच क्षणी. ही क्रिया एकदा घडली की कणाचे मूळ रूप परत आणता येत नाही.

निवल्यावर मात्र एक वेगळी क्रिया सुरू होते. सुट्या झालेल्या साखळ्या एकमेकींजवळ येऊन पुन्हा बिलगतात व काही पाणी बाहेर टाकतात. अ‍ॅमायलोजच्या बाबतीत हे काही तासांत होते. अ‍ॅमायलोपेक्टिनला काही दिवस लागतात. शिळा भात कडक होतो, पाव वातड होतो, आळलेल्या खिरीला पाणी सुटते, ह्या सर्वांचे कारण हे आवळणे होय. गोठणबिंदूच्या किंचित वरच्या तापमानात ते सर्वांत जलद होते. म्हणून शीतकपाटात ठेवलेला पाव बाहेर ठेवलेल्या पावापेक्षा लवकर शिळा लागतो.

उघडणे आणि आवळणे ह्या दोन क्रियांवर ताबा मिळविणे, हेच स्टार्चच्या सर्व विद्येचे सार आहे. पूर्व उत्तर प्रदेशातील खाद्यपरंपरेने हा ताबा किती कुशलतेने मिळविला आहे, ते पाहण्यासारखे आहे.

तेथे 'उसना' तांदूळ खातात. कोकणात त्याला उकडा तांदूळ म्हणतात. भात सालीसकट भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडतात. म्हणजे दाण्यातील स्टार्च सालीच्या आतच एकदा फुलतो आणि वाळताना पुन्हा आवळतो. दाणा टणक झाल्यामुळे कांडताना कणी कमी पडते. शिवाय कोंड्यातील ब जीवनसत्त्वांपैकी काही भाग दाण्यात उतरतो व कांडणात वाया जात नाही. ज्या प्रदेशात माणसे जवळजवळ केवळ भातावर जगत, तेथे ह्या एका गोष्टीने बेरीबेरी ह्या रोगापासून संरक्षण मिळाले.

वाराणसीत हिवाळ्यात चूडा-मटर खातात आणि मकर संक्रांतीला दह्याबरोबर चूडा खातात. चूडा म्हणजे आपले पोहे. भिजविलेला भात भाजून गरम असतानाच कांडल्यामुळे त्यातील स्टार्च आधीच शिजलेला असतो. म्हणून नुसत्या पाण्याने किंवा दह्याने तो मऊ होतो. चुरमुऱ्यांच्या बाबतीत उसना तांदूळ तापलेल्या वाळूत टाकला, की त्यातील ओलाव्याची वाफ होते आणि ती मऊ झालेला स्टार्च फुगवून बाहेर पडते. सातू अथवा सत्तू ह्याच्या तयारीत पाण्याचा वापर आणखी कमी असतो. हरभरा वाळूत भाजून दळला, म्हणजे प्रवासात किंवा शेतावर चूल न पेटविता खाता येईल असे अन्न तयार होते. इंधन महाग आणि वेळ थोडा असलेल्या समाजाने एकदाच शिजवून पुष्कळ दिवस वापरण्याची ही सोय करून ठेवली होती.

जिलबीचे उदाहरण ह्याहून वेगळे. आंबविलेल्या मैद्याच्या पातळ पिठाची धार तापलेल्या तुपात पडताच बाहेरचा स्टार्च फुलून लगेच वाळतो व कडक कवच बनतो. आतील वाफेने नळी पोकळ राहते. ह्या पोकळीत पाक शिरतो आणि कवच मात्र काही काळ कुरकुरीत राहते. हा काळ फार थोडा असतो, म्हणून जिलबी कढईजवळ उभे राहूनच खावी असे जाणकार म्हणतात. ह्या मताला स्टार्चच्या गुणधर्माचा पूर्ण आधार आहे.

वस्त्र : ताण्याला दिलेले बळ

काशीचे वस्त्र पाली वाङ्मयाच्या काळापासून प्रसिद्ध आहे. कबीर ह्याच नगरीतील विणकर होते. मागावर कापड विणताना उभे धागे, म्हणजे ताणा, सतत ताणलेले असतात. फणी हजारो वेळा त्यांच्यावरून मागेपुढे जाते. सुती धागा आखूड तंतूंना पीळ देऊन झालेला असतो. ह्या घासण्याने त्याचे तंतू सुटतात व तो तुटतो. म्हणून ताण्याला आधी खळ देतात. मराठी विणकर ह्या कामाला पांजणी म्हणतात. शिजविलेल्या स्टार्चचा पातळ लेप धाग्यावर वाळला, की बाहेर आलेले तंतू अंगाशी चिकटून बसतात आणि धागा घासणी सोसू शकतो. आडव्या धाग्यावर असा ताण नसल्यामुळे त्याला खळ लागत नाही.

आज बनारसची जी साडी विख्यात आहे, ती रेशमाची असते. रेशमाचा तंतू अखंड आणि लांब असतो. शिवाय किड्याने काढलेल्या कच्च्या रेशमावर प्रथिनाचा एक नैसर्गिक लेप असतो. त्यामुळे सुताला खळीची जेवढी गरज, तेवढी रेशमाला नसते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील सुती यंत्रमागांचा मात्र खळीवाचून निभाव लागत नाही. तेथे हे काम स्वतंत्र कारखान्यांत होते आणि सर्वजण त्याला 'सायझिंग' ह्याच नावाने ओळखतात. आता स्टार्चबरोबर कृत्रिम पदार्थही खळीत मिसळले जातात.

कापड विणून झाले की ही खळ काढून टाकावी लागते, नाहीतर रंग आत शिरत नाही. पूर्वी कापड रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ठेवीत, म्हणजे सूक्ष्म जंतू खळ खाऊन टाकीत. आता स्टार्च तोडणारी विकरे वापरतात. स्टार्च साखरेत रूपांतरित होतो व पाण्याबरोबर वाहून जातो.

तो कोठे जातो, हा प्रश्न नदीकाठच्या नगरीला टाळता येण्यासारखा नाही. स्टार्च विषारी नाही. परंतु पाण्यातील जंतू तो खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. सांडपाण्यातील अशा पदार्थांना किती प्राणवायू लागेल, ह्याच्या मोजमापाला जैविक प्राणवायूची मागणी असे म्हणतात. स्नानास योग्य पाण्यात ती दर लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे आपल्या देशातील मानक आहे. गंगेच्या पाण्यावरील भार मुख्यतः घरगुती मैलापाण्याचा आहे. तरीही कापड धुण्याचे, रंगविण्याचे व अन्नप्रक्रियेचे पाणी त्यात भर घालते. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र ह्यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाने गंगेच्या पाण्याची नियमित तपासणी हाती घेतली. शासनाची गंगा कृती योजना १९८६ साली ह्याच नगरीत सुरू झाली. जो पदार्थ माणसाच्या पोटात अन्न ठरतो, तोच नदीत फार झाला म्हणजे माशांचा श्वास कोंडतो, हे कळण्यास ह्या मोजमापांचा उपयोग झाला.

पोथी : जपणारा आणि पोखरणारा

वाराणसीतील संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाचा प्रारंभ १७९१ साली संस्कृत पाठशाळा म्हणून झाला. त्याच्या सरस्वती भवन ग्रंथालयात सुमारे एक लाख हस्तलिखिते आहेत. अशा संग्रहांतील ताडपत्रे व भूर्जपत्रे सोडली, तर कागदी पोथ्यांच्या बाबतीत स्टार्चची भूमिका फार महत्त्वाची आहे.

हातकागद मुळात टिपकागदासारखा असतो; त्यावर शाई फुटते. म्हणून कागदी लोक त्यावर तांदळाची किंवा गव्हाची पातळ खळ पसरीत, ती वाळवीत आणि गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटून त्याला झिलई आणीत. महाराष्ट्रात दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी नावाजलेले होते. खळ दिलेल्या कागदावर बोरू सरळ चालतो, शाई वरच राहते, आणि चूक झाल्यास अक्षर पुसून पुन्हा लिहिता येते. आपल्या पोथ्यांतील रेखीव अक्षरांमागे लेखकाच्या हाताइतकेच ह्या खळीचेही श्रेय आहे.

परंतु ज्या लेपामुळे अक्षर टिकले, त्याच लेपाने कीटकांना आमंत्रण दिले. स्टार्च हवेतील ओलावा धरून ठेवतो. पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. कसर आणि पुस्तकातील इतर बारीक किडे कागदापेक्षा त्यावरील खळ आवडीने खातात. ह्यावर जुन्या लोकांचा एक उपाय असा होता, की कागदाला हरताळाचा पिवळा लेप द्यावयाचा. हरताळ हे आर्सेनिकचे संयुग असल्यामुळे कीटक त्यापासून दूर राहत. माणसानेही अशा पोथ्या हाताळताना काळजी घेतली पाहिजे.

आज फाटलेल्या पोथ्यांची दुरुस्ती करणारे तज्ज्ञ चिकटविण्यासाठी पुन्हा गव्हाच्या शुद्ध स्टार्चचीच खळ पसंत करतात. बाजारातील कित्येक कृत्रिम गोंद अधिक पक्के असतात, पण ते कालांतराने पिवळे पडतात आणि कागद फाडल्याशिवाय निघत नाहीत. स्टार्चची खळ ओलाव्याने पुन्हा सैल करता येते. पुढच्या पिढीला अधिक चांगली पद्धत सापडली, तर आजचे काम तिला उलगडता यावे, हा दुरुस्तीच्या शास्त्राचा एक मुख्य नियम आहे, आणि स्टार्च तो पाळतो.

कारखान्यातील रूपांतरे

नैसर्गिक स्टार्चचे दोष, म्हणजे निवल्यावर आवळणे, आंबट पदार्थांत पातळ होणे, थंड पाण्यात न मिसळणे, हे कमी करण्यासाठी रसायनशास्त्राने त्याची अनेक रूपे तयार केली आहेत. कोरडा स्टार्च भाजला की त्याच्या साखळ्या तुटून पाण्यात विरघळणारे डेक्स्ट्रिन मिळते. पाकिटे व तिकिटे ह्यांच्या पाठीवरचा गोंद दीर्घकाळ त्याचाच असे. साखळ्यांना एकमेकींशी बांधून केलेला स्टार्च आंबट रसातही दाट राहतो. तो सॉसमध्ये घालतात. धनभारित केलेला स्टार्च कागदाच्या लगद्यातील तंतूंना धरून ठेवतो. नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यात स्टार्चचा थोडा भाग शिजवून उरलेला कच्चाच त्यात मिसळतात. तापलेल्या रुळांवर तो कच्चा भाग क्षणात फुलतो आणि थर जोडले जातात.

औषधाच्या गोळीत स्टार्चचे काम अगदी निराळे असते. पोटातील पाणी लागताच तो फुगतो व गोळीचे तुकडे करतो. त्यावाचून कित्येक गोळ्या न विरघळताच बाहेर पडल्या असत्या.

स्टार्चपासून साखर करण्याचा मार्ग १८११ साली रशियात किर्खहोफ ह्या रसायनशास्त्रज्ञाने दाखविला. त्याने सौम्य सल्फ्यूरिक आम्लात स्टार्च उकळून गोड पाक मिळविला. १८३३ साली फ्रान्समध्ये पायां आणि पेर्सो ह्यांनी मोड आलेल्या धान्यातून हेच काम करणारे विकर वेगळे केले. आज रुग्णालयात शिरेतून दिले जाणारे ग्लुकोज बहुधा मक्याच्या स्टार्चपासून बनते. ह्याच साखरेपासून इथेनॉलही होते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने २०२५ साली गाठले. त्यासाठी उसाच्या जोडीने मका आणि तांदळाची कणी मोठ्या प्रमाणावर लागली. एका शेतातील स्टार्च ताटात जावा, कोंबड्यांच्या खाद्यात जावा, की वाहनाच्या टाकीत जावा, हा प्रश्न आता केवळ रसायनशास्त्राचा राहिलेला नाही.

भाताचे ताट आणि मधुमेह

शिजलेला स्टार्च पचविण्यास तोंडातील लाळेपासूनच प्रारंभ होतो, आणि लहान आतड्यात स्वादुपिंडाची विकरे ते काम पुढे नेतात. साखळी जितकी उघडी, तितकी तिची साखर लवकर होते. उपासमारीच्या काळात हा मोठाच गुण होता. परंतु श्रम कमी आणि अन्न भरपूर अशा जीवनात रक्तात एकदम चढणारी साखर शरीराला झेपत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

कोणते अन्न रक्तातील साखर किती चढविते, हे सांगण्यासाठी १९८१ साली टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक निर्देशांक सुचविला. शुद्ध ग्लुकोजला १०० मानून ५५ किंवा त्याहून कमी अंक आल्यास ते अन्न सौम्य, ७० किंवा त्याहून अधिक आल्यास तीव्र समजतात. सडलेला पांढरा तांदूळ अनेकदा तीव्र गटात येतो. उसना तांदूळ सामान्यतः त्याहून काहीसा सौम्य असतो, आणि डाळी बऱ्याच सौम्य असतात. शिजवून थंड केलेल्या भातातील आवळलेला स्टार्च काही अंशी पचनातून निसटतो. मात्र हा लाभ मर्यादित आहे, आणि भात उष्ण हवेत तसाच ठेवल्यास त्यात रोगजंतू वाढतात, हे विसरू नये.

ह्या प्रश्नावरील महत्त्वाचे काम आज वाराणसीतच चालते. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे दक्षिण आशियाई प्रादेशिक केंद्र तेथे असून त्याचे उद्घाटन २९ डिसेंबर २०१८ रोजी झाले. तांदळाची प्रत व पोषणमूल्य तपासणारी प्रयोगशाळा ह्या केंद्रात आहे, आणि सौम्य निर्देशांकाच्या जाती भारतीय शेतात आणण्याचा प्रयत्न तेथून होतो. २०२४ साली ह्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सांबा मसुरी ह्या लोकप्रिय भारतीय जातीचा, अ‍ॅमायलोज अधिक असलेल्या एका जातीशी संकर केलेला होता. त्यातून ४५ पेक्षा कमी निर्देशांक आणि १६ टक्क्यांपर्यंत प्रथिने असलेली वाणे मिळाली. स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या जनुकातील फरक हे त्यामागील प्रमुख कारण होते. फांद्या कमी झाल्या, सरळ साखळ्या वाढल्या, कण उघडण्यास अवघड झाला, आणि साखर सावकाश सुटू लागली. प्रकरणाच्या प्रारंभी सांगितलेल्या दोन साखळ्यांच्या प्रमाणाचे महत्त्व येथे पूर्णपणे दिसून येते.

अशा तांदळापुढील अडचण चवीची आहे. अ‍ॅमायलोज वाढले की भात कडक होण्याचा संभव असतो. जो भात लोक आवडीने खाणार नाहीत, तो कितीही हितकर असला तरी ताटात टिकणार नाही. म्हणून मऊपणा न घालविता पचन सावकाश करणे, हे आजच्या संशोधकांपुढील खरे आव्हान आहे. तोपर्यंत भाताचे प्रमाण आवरणे, त्याच्या जोडीला डाळ व भाजी वाढविणे, हाच सर्वांना परवडणारा मार्ग होय. खिचडी हे काशीचे जुने अन्न आहे; तिच्यात डाळीचा हात सढळ असावा, एवढेच.

वर पाहिलेल्या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होईल. स्टार्चचा उपयोग होतो, तो त्याचा कण उघडता येतो, पुन्हा आवळतो आणि शेवटी मोडून जातो म्हणून. ताण्याला तो बळ देतो व काम झाल्यावर धुतला जातो; पोथीला जोडतो व गरज पडल्यास सुटतो; पोटात जातो व साखर होतो. ह्याच सुलभतेमुळे तो नदीतील प्राणवायू संपवितो, कसरीला खाद्य पुरवितो आणि रक्तात साखर चढवितो. कण कधी उघडावयाचा, किती उघडावयाचा, आणि काम झाल्यावर त्याची विल्हेवाट कशी लावावयाची, हे ज्या समाजाला कळले, त्याने ह्या पदार्थाचा पुरता लाभ घेतला. उसना तांदूळ करणाऱ्या अनाम माणसांना त्याचा पहिला भाग अनुभवाने कळला होता; उरलेला भाग शिकण्याचे काम आपल्याकडे आले आहे.